एका 'बिसस'पायी गेलेले माझे आठ दिवस

गेल्या महिन्यात इजिप्तमधल्या रोझेटा शिळेविषयीच्या एका लेखाचं भाषांतर आलं होतं. म्हटलं दोन दिवसांत उरकेल, पण एका शब्दापाशी गाडी अशी रुतली की बस. शिळेवर इ.स.पू. १९६ चा ठराव आहे, पुजाऱ्यांनी इजिप्तचा राजा पाचवा टॉलेमी याच्या गौरवासाठी केलेला, आणि राजाने काय काय माफ केलं त्यात येतं की देवळांनी सरकारजमा करायच्या 'बिसस' कापडातला दोन तृतीयांश भाग सोडून दिला.

आता बिसस म्हणजे काय? नेटवर टाकलं तर जिकडेतिकडे सागरी रेशीम. भूमध्य समुद्रात पिन्ना नोबिलिस नावाचा मीटरभर वाढणारा शिंपला असतो, त्याच्या धाग्यांचं सोनेरी कापड सार्डिनियात विणायचे, फोटो तर असे की बघतच राहावं. मी खूश, 'सागरी रेशीम' ठोकून दिलं आणि मेल केला. संपादकबाईंचा फोन आला, "अगं, इजिप्तभरची देवळं शिंपल्याचे केस विणत बसली होती का? जरा बघ ना परत." लाज वाटली खरं सांगायचं तर.

मग नीट शोधायला बसले. ग्रीक 'बिस्सोस' हा मुळात बाहेरून आलेला शब्द, हिब्रूत 'बूत्स', मेसोपोटेमियातल्या जुन्या अक्कडियन भाषेत 'बूसू', सगळीकडे अर्थ तलम कापड. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की ममीला गुंडाळायच्या पट्ट्या बिससच्या असत. पण त्या पट्ट्या नक्की कशाच्या यावर विद्वान कितीतरी वर्षं भांडलेत, १७७६ मध्ये फोर्स्टर नावाच्या अभ्यासकाने तर बिसस म्हणजे कापूसच असं अख्खं पुस्तक लिहिलं. शेवटी १८३४ मध्ये जेम्स थॉमसनने ममीच्या कापडाचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याचं छापलं. कापसाचा तंतू पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो आणि जवसाच्या तंतूला उसासारखी पेरं असतात, आणि ममीवर पेरंवालेच निघाले. मला तर हे फार आवडलं, इतकी वर्षं शब्दांवर वाद आणि निकाल लावला कुणी तर भिंगाने!

मग शिंपला कुठून घुसला? तर ॲरिस्टॉटलने लिहिलंय की पिन्ना 'बिस्सोस'मधून उभा वाढतो, म्हणजे तळातून, खोल पाण्यातून. हा 'बिस्सोस' पुल्लिंगी, कापडाचा तो स्त्रीलिंगी, उच्चाराचा आघातही वेगळा. पंधराव्या शतकात थिओडोर गाझा या ग्रीक विद्वानाने ॲरिस्टॉटलचं लॅटिन भाषांतर करताना दोघांची गल्लत केली आणि पुढे त्या धाग्यांनाच बिसस नाव पडलं. म्हणजे मी केलेली चूक एका भाषांतरकाराने पाचशे वर्षांपूर्वी करून ठेवलेली, थोडं बरं वाटलं तेवढंच. विज्ञानात मात्र हेच नाव पक्कं झालंय, मालवणला आई शिनाणे, म्हणजे खायचे शिंपले, साफ करताना कडेचा जो चिवट झुपका ओढून टाकते तोही बिससच, आणि मी लहानपणापासून त्याला फक्त 'केस' म्हणत आले.

आता मराठीत लिहायचं काय? मराठी बायबलमध्ये अशा ठिकाणी 'तागाचे तलम वस्त्र' येतं, पण ताग म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे गोणपाटच येतं. संस्कृतात 'क्षौम' आहे, क्षुमा म्हणजे जवस, त्याचं ते क्षौम, अर्थाने अगदी बरोबर पण वाचणारा तिथेच अडखळणार. 'लिनन' लिहिलं तर शोरूममधला शर्ट आठवतो. शेवटी 'जवसाच्या धाग्यांचं तलम कापड' असं लिहिलं, चार शब्द झाले एका शब्दाचे. बाईंनी पास केलं, वर विचारलं, "हे चटणीचंच जवस ना?" हो, तेच.