दोन जागा आणि एक स्त्री

7 मे 2024 रोजी सकाळी आईला मतदानाला नेले, तेव्हा ऊन अजून चढले नव्हते. म्हापशातल्या आमच्या केंद्रावर रांग लहान होती. परतताना तिने सांगितले की यंत्रावर माजी खासदार रमाकांत खलपांचे नाव पाहून तिला बरे वाटले; मत कुणाला दिले ते मात्र तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मग आपोआप गोष्ट 1980 वर गेली. त्या वर्षी जानेवारीत, लग्न होऊन या घरात आल्यावर, बावीस वर्षांच्या आईने पहिल्यांदा मत दिले. मतपत्रिकेवर शिक्का मारल्यावर ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून आधी उभी घडी घाला, हे केंद्रावरच्या बाईंनी तिला दोनदा बजावले होते. "हांवें सिंहार शिक्को मारलो," असे ती अजून अभिमानाने सांगते. सिंह म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो), आणि पणजी मतदारसंघातल्या त्याच्या उमेदवार होत्या संयोगिता राणे. त्या निवडून आल्या. गोव्याने लोकसभेत पाठवलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि आजपर्यंतच्या एकमेव.

हे "एकमेव" मला त्या दिवसापासून सलते आहे, म्हणून सगळी यादी नीट लिहून काढली. मुक्तीनंतर 1962 मध्ये गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशातून दोन सदस्यांना राष्ट्रपतींनी लोकसभेवर नियुक्त केले: डॉ. आंतोनियो कुलासो आणि डॉ. पुंडलिक गायतोंडे. गायतोंडे हे तेच शल्यविशारद, ज्यांनी 1954 मध्ये एका मेजवानीत पोर्तुगीज सत्तेच्या दाव्याला उघड विरोध केला आणि त्यापायी अटक होऊन लिस्बनला हद्दपारी भोगली. पहिली निवडणूक डिसेंबर 1963 मध्ये झाली. पणजीतून पीटर आल्वारिस आणि मुरगावातून मुकुंद शिंक्रे विजयी झाले. तेव्हापासून जागा दोनच आहेत. 30 मे 1987 रोजी घटकराज्य झाल्यावर दमण व दीवला त्यांची वेगळी जागा मिळाली, गोव्याला राज्यसभेची एक जागा मिळाली आणि 2009 च्या निवडणुकीपासून पणजी व मुरगाव ही नावे जाऊन उत्तर गोवा व दक्षिण गोवा ही नावे आली, पण लोकसभेचा आकडा हलला नाही.

1963 ते 2024 या काळात, पोटनिवडणूक सोडून, 16 वेळा दोन-दोन खासदार निवडले गेले, म्हणजे एकूण 32 निवडी झाल्या. त्यांपैकी 11 निवडी फक्त दोघांच्या आहेत: मुरगावातून 1977 पासून सलग पाच वेळा एदुआर्द फालेरो आणि उत्तरेतून 1999 पासून सलग सहा वेळा श्रीपाद नाईक. यात त्यांचा दोष काढण्याचा हेतू नाही; लोकांनी निवडले म्हणून ते गेले. पण जागाच दोन असल्या की एक माणूस वीस वर्षे टिकला तर निम्मा गोवा वीस वर्षे एकाच चेहऱ्याने दिल्लीत दिसतो, आणि नव्या माणसाला, त्यातही बाईला, दार उघडत नाही. राज्यसभेची एकुलती एक जागाही याच वर्तुळात फिरली आहे: फालेरो आणि शांताराम नाईक दोघेही आधी लोकसभेत होते, मग तिथे गेले. त्यांच्यानंतर विनय तेंडुलकर आणि सदानंद शेट तानावडे आले. तिथेही गोव्याची बाई कधी बसली नाही.

आणि हे अशा गोव्यात, जिथे शशिकला काकोडकर 1973 ते 1979 मुख्यमंत्री होत्या. संयोगिता राणे निवडून आल्या त्याच जानेवारीत विधानसभेची निवडणूकही झाली आणि तीत मगो पक्ष हरला. तरीही पणजीकरांनी लोकसभेला सिंहच निवडला. बाईला मत द्यायला लोक तयार नसतात, हा दावा मला म्हणूनच मान्य नाही. लोकांपुढे बाईचे नाव किती वेळा ठेवले गेले, ते आधी पाहावे. 2024 मध्ये दक्षिणेत भाजपने पल्लवी धेंपे यांना उभे केले. लोकसभेसाठी गोव्यातून त्या पक्षाच्या त्या पहिल्याच स्त्री उमेदवार, आणि काँग्रेसच्या कॅप्टन व्हिरियातो फर्नांडिस यांच्याकडून त्या 13,535 मतांनी हरल्या. लोकसभेच्या लढतीत हे अंतर फार नव्हे.

आता आईला ज्यांचे नाव पाहून बरे वाटले, त्या खलपांकडे येते. 1996 मध्ये ते मगोचे खासदार म्हणून उत्तरेतून निवडून गेले आणि देवेगौडा सरकारात कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले. 12 सप्टेंबर 1996 रोजी लोकसभेत महिला आरक्षणाचे पहिले विधेयक मांडले गेले, ते मांडणारे मंत्री खलपच होते. पेडण्याच्या मातीतल्या माणसाने ते मांडले, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या मसुद्यात एक गोष्ट होती, जी वाचून मी थबकले. ज्या राज्यांना लोकसभेच्या तीनपेक्षा कमी जागा आहेत, ती राज्ये आरक्षणाबाहेर राहत होती. म्हणजे विधेयक मांडणाऱ्याचे स्वतःचे राज्यच त्यातून सुटत होते. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीने ही उणीव हेरली आणि अशा लहान राज्यांनाही आरक्षण लागू करावे, अशी शिफारस केली. पुढे लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक बुडाले. समितीतल्या कुणाला गोव्याची यादी ठाऊक होती की नव्हती, पण त्या शिफारशीबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सत्तावीस वर्षांनी, सप्टेंबर 2023 मध्ये, 106 वी घटनादुरुस्ती संमत झाली. तिने हे आरक्षण पुढच्या जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधले. तिच्या मजकुरात लोकसभेच्या एकूण निवडून येणाऱ्या जागांपैकी जवळपास एक तृतीयांश, असे म्हटले आहे. राज्यवार वाटणी त्यात नाही. दोनाचा एक तृतीयांश काढला तर पूर्ण एकही होत नाही. तेव्हा गोव्याच्या वाट्याला एक जागा येईल, पाळीपाळीने येईल की येणारच नाही, हे संसदेच्या पुढच्या कायद्यातून ठरायचे आहे, आणि तो कायदा होत असताना पाचशेहून अधिक खासदारांच्या सभागृहात आमचे दोघेच असतील. त्या दोघांनी, पक्ष कुठलाही असो, हा एक प्रश्न तरी लेखी विचारावा, असे मला फार वाटते. गोव्यातल्या मतदार यादीत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे.

हे सगळे मी आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मागीर ती सीट आमची काय मडगांवची?" म्हणजे उत्तरेची की दक्षिणेची. मी म्हटले, अजून ठरायचे आहे. ती म्हणाली, आमची झाली तर मला न्यायला ये, उन्हाच्या आधी.