लो-कार्ब आहार आणि व्यायाम : तिसऱ्या महिन्याची नोंद

लो-कार्ब म्हणजे कमी कर्बोदकांच्या आहाराच्या तिसऱ्या महिन्याअखेर माझे वजन 86 किलोवरून 80.4 किलोवर आले आहे. त्यातील जवळपास अडीच किलो पहिल्या पंधरवड्यातच उतरले आणि नंतर आठवड्याला सरासरी तीनशे ग्रॅमच्या आसपास घट होत राहिली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या अपेक्षा त्या पंधरवड्यातच फुगतात, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

यकृत आणि स्नायू मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांपासून बनलेला ऊर्जेचा साठा) साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असते. भात, पोळी आणि साखर कमी केल्यावर हा साठा आटतो. शिवाय इन्सुलिनची पातळी खाली आल्याने मूत्रपिंडे जास्त सोडियम आणि त्यासोबत पाणी बाहेर टाकतात. काटा झपाट्याने खाली येतो, मात्र त्यात चरबीचा वाटा थोडाच असतो. याची उलट बाजू आषाढी एकादशीला पाहायला मिळाली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाल्ल्यावर द्वादशीच्या सकाळी काटा 800 ग्रॅमने वर होता, आणि नेहमीचा आहार सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत पूर्ववत झाला.

चरबीचा हिशेब वेगळा आणि संथ आहे. एक किलो चरबीमागे सुमारे 7700 कॅलरींची तूट लागते, म्हणजे रोज 500 कॅलरी कमी पडल्या तरी आठवड्याला अर्धा किलोही पुरता उतरत नाही, आणि वजन घटेल तशी शरीराची गरजही घटत असल्याने हा वेग पुढे आणखी मंदावतो. माझ्या वजनाच्या माणसाने तासभर झपझप चालल्यास साधारण 300 ते 350 कॅलरी खर्च होतात. दोन मुठी भाजलेले शेंगदाणे खाल्ले की त्या भरून निघतात. शेंगदाणे लो-कार्बमध्ये चालतात, म्हणून कोशिंबिरीपासून आमटीपर्यंत सगळीकडे कूट सढळ हाताने पडते, आणि माझ्या मते मराठी स्वयंपाकघरात हा आहार नेमका इथेच फसतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 609 प्रौढांना लो-कार्ब किंवा कमी चरबीचा आहार दिला होता. वर्षाअखेर लो-कार्ब गटाचे वजन सरासरी 6 किलोने आणि दुसऱ्या गटाचे 5.3 किलोने घटले. हा फरक लक्षणीय नव्हता. महिन्याला दहा किलो उतरवून देण्याच्या जाहिराती वाचताना हा वर्षभराचा आकडा जवळ ठेवावा.

व्यायामाचा मला दिसलेला उपयोग काट्यावर कमी आणि पट्ट्यावर जास्त आहे. बैठका, जोर आणि डंबेल्स सुरू केल्यापासून वजन जिथल्या तिथे राहिलेल्या आठवड्यांतही कंबर बारीक होत गेली. त्यामुळे रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी आणि बेंबीच्या रेषेत घेतलेले कंबरेचे माप एवढेच आता वहीत लिहितो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतल्याशिवाय कर्बोदके कमी करू नयेत, कारण साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

पुढच्या महिन्यासाठी दुपारची अर्धी ज्वारीची भाकरी कायम ठेवून कूट मोजून वापरणार आहे. अपेक्षा एक ते सव्वा किलोची आहे.