नाण्यावरची राणी मूसा

आज सुट्टीचा सगळा दिवस पार्थियन, म्हणजे प्राचीन इराणमधल्या एका साम्राज्याच्या, नाण्यांचे फोटो बघण्यात गेला, तरी मन भरलं नाही. साधारण 4 ग्रॅम चांदीचं द्राख्म, म्हणजे त्यांचं एक नाणं. पुढे दाढीवाला राजा, मागे धनुष्य घेऊन बसलेला धनुर्धर, भोवती ग्रीक अक्षरं. जवळजवळ प्रत्येक राजा स्वतःला मूळपुरुषाच्या नावाने ‘अर्साकेस’च म्हणवतो! मग नाणं कुणाचं हे चेहरा, मुकुट नि बिरुदांवरून ओळखायचं. किती चिकाटीचं काम आहे हे!

पण मी खिळले ती राणी मूसापाशी. रोमच्या सम्राट ऑगस्टसने पार्थियन राजा चौथ्या फ्रातेसला भेट दिलेली दासी, असं प्राचीन इतिहासकार जोसेफस लिहितो. पुढे तिचा मुलगा गादीवर आला आणि त्याच्या नाण्यावर धनुर्धराच्या जागी चक्क तिचा चेहरा आला, ‘देवी’ या बिरुदासकट. केवढी हिंमत या बाईची!