घाम दिसला पाहिजे

पॉप श्रेष्ठ की रॉक, असा वाद लातुरात कोणी घालत असेल हे बाहेरच्या माणसाला खरे वाटणार नाही. पण ज्या शहरात दरवर्षी हजारो मुले नीटच्या तयारीसाठी येऊन राहतात, तेथे रात्री पुस्तके मिटल्यावर कोणत्या गच्चीवर कोणता विषय निघेल याचा नेम नसतो. आमच्या वरच्या मजल्यावर दोन मुले राहतात, एक उदगीरचा आणि दुसरा निलंग्याचा. दोघांचा डबा एकाच मेसचा, क्लास एकच, उशाला पुस्तकेही तीच. मात्र स्पीकरवर कोणाचे गाणे लावायचे, यावरून होणारे भांडण जिना उतरून आमच्या बैठकीपर्यंत येते. उदगीरकर रॉकचा कट्टर अभिमानी. "ह्यात काय मेहनत हाय, सांग की! बटन दाबलं की वाजायलंय," हा त्याचा पॉपवरचा ठरलेला आक्षेप. निलंगेकर आवाज न चढवता विचारतो, "आन् तुझा तो घसा फाडून वरडायलाय, त्याला मेहनत म्हनायची का?" मग दोघेही माझ्याकडे वळतात आणि "काका, तुम्हीच सांगा" म्हणून मला पंच नेमतात.

या वादात सूर, ताल, शब्द यांचा उल्लेख फारसा येत नाही, फिरून फिरून गोष्ट मेहनतीवरच येते, हे माझ्या लक्षात आले आहे. उदगीरच्या मुलाकडे एक जुनी गिटार आहे. तिची सर्वांत बारीक तार तुटल्यामुळे सध्या पाच तारांवरच काम भागते. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे तो आल्यागेल्याला दाखवतो. आधी बोटे हुळहुळतात, मग कातडी सोलते आणि त्यानंतर कुठे तार नीट दाबली जाते, हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जी प्रौढी येते ती चाचणी परीक्षेच्या गुणांनीही येत नाही. रॉकचे आकर्षण बरेचसे येथे आहे. वादकाची बोटे, ड्रमवाल्याचा ओला सदरा, गायकाच्या मानेच्या शिरा, सारे श्रोत्यासमोर उघडे असते. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या, निकालाच्या दिवसांत चौकाचौकांतले गुणवंतांचे फलक पाहिलेल्या मुलाला जे कष्ट दिसतात तेच खरे वाटावेत, यात मला नवल वाटत नाही.

पॉपचा सारा खटाटोप याच्या उलट दिशेने चालतो, कारण तेथे कष्ट लपवणे हाच कसबाचा भाग आहे. स्वीडनच्या आबा या पॉप चमूने १९७४ साली युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली, तेव्हापासून त्यांची गाणी लोक झाडू मारता मारता गुणगुणत आले आहेत, आणि इतक्या सहज ओठांवर येणाऱ्या गोष्टीमागे काही केलेले असेल अशी शंकाही येत नाही. प्रत्यक्षात त्यांचे ध्वनिमुद्रक मिकेल ट्रेटोव्ह हे चमूतल्या दोन गायिकांचे आवाज पुन्हा मुद्रित करून घेत आणि त्या वेळी टेपच्या वेगात किंचित फरक करत, जेणेकरून दोन थरांच्या सुरांत केसभर अंतर राहावे आणि दोघींचा आवाज भरघोस वाटावा. हे ऐकणाऱ्याला कळू नये यासाठीच ते केलेले असते. निलंग्याच्या मुलाची अडचण अशी, की त्याच्या बाजूला दाखवण्यासारखे घट्टेच नाहीत.

बरे, रॉकवाल्यांचा घाम तरी सगळा त्यांचाच असतो असे नाही. बीच बॉइज या अमेरिकन चमूच्या १९६६ सालच्या नावाजलेल्या अल्बमवर वाद्ये बहुतांशी लॉस एंजेलिसमधल्या व्यावसायिक स्टुडिओ-वादकांनी वाजवली. चमूतले बहुतेक जण दौऱ्यावरून परतले आणि मुख्यतः गायले. क्वीन या ब्रिटिश रॉक चमूने सत्तरच्या दशकात अल्बमच्या वेष्टनावर आपण सिंथेसायझर, म्हणजे हवा तो आवाज काढून देणारे विजेवरचे वाद्य, वापरलेला नाही असे अभिमानाने छापले आणि १९८० साली तोच सिंथेसायझर वापरला. त्याआधी १९७५ मध्ये त्यांच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या सुमारे सहा मिनिटांच्या गाण्यासाठी तिघांचे आवाज थरावर थर असे इतके चढवले गेले, की जे काम आबाने केले तर कारखानदारी ठरते तेच येथे प्रतिभा ठरले. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे कळल्यापासून उदगीरकर त्याच्याविषयी गाववाल्यासारखा बोलतो. पण क्वीन नक्की कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न निघाला की दोघांचाही आवाज खाली येतो.

स्वतः कलावंतांनी हे कुंपण फारसे पाळलेले दिसत नाही. पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्सचे १९९८ सालचे पहिले गाजलेले गाणे लिहिणारा मॅक्स मार्टिन त्याआधी स्वीडनमधल्या एका हार्ड रॉक चमूत गात होता. मायकल जॅक्सनच्या १९८२ सालच्या अल्बममध्ये तर एडी व्हॅन हेलन या रॉकमधल्या नामवंत गिटारवादकाने येऊन गिटार वाजवली, तीही एक पैसा न घेता. जॅक्सनचे नाव निघाले की मला आमच्या कॉलेजचे गॅदरिंग आठवते, कारण त्या काळी मराठवाड्यातल्या प्रत्येक गॅदरिंगला एका हातात पांढरा मोजा घालून मागे सरकणारा एक तरी मुलगा असेच. १९९६ साली तो खुद्द मुंबईला अंधेरीत येऊन गेला, तेव्हा त्या साऱ्यांनी वर्तमानपत्रांतली छायाचित्रे कापून ठेवली असणार.

हा वाद नेहमीच इतका निरुपद्रवी राहिला, असेही नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, रॉकच्या अभिमान्यांकडून डिस्कोच्या, म्हणजे नाचाच्या पॉप संगीताच्या, तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली, हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना यजमानांना सोडून द्यावा लागला. डिस्को वाढला तो कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांत. त्यामुळे त्या रात्रीचा राग केवळ यांत्रिक ठेक्यावर होता, असे मानायला मी तयार नाही.

आपल्याकडेही या तऱ्हेचा रुसवा आहेच. गावच्या सप्ताहात एखाद्या तरुण गायकाने अभंगाला सिनेमाच्या गाण्याची चाल लावली, की मागे टाळ धरून बसलेले म्हातारे बुवा टाळ खाली ठेवतात. आणि त्याच चालीवर बाया मात्र अशा रंगतात की पखवाजवाल्याला थांबताच येत नाही. माझा कल, विचारलेच आहे म्हणून सांगतो, बायांकडे आहे. तीन मिनिटांत माणसाला धरून ठेवणे हे दहा मिनिटांच्या गिटारवादनापेक्षा अवघड आहे असे मला वाटते, जरी रॉकमधली एखादी चांगली गिटार ऐकताना मी हे मत बाजूला ठेवतो.

माझा हा निवाडा वरच्या मजल्याने अर्थातच फेटाळला. सध्या उदगीरकर पाच तारांवर जो तुकडा बसवतो आहे, तो नेमका एडी व्हॅन हेलनचा, जॅक्सनच्या गाण्यातला. "म्हणजे पॉपच वाजवायलास की," असे निलंगेकराने म्हणताच ते जेमतेम अर्ध्या मिनिटाचे वादन कोणाच्या खात्यात मांडायचे यावरून नवे भांडण लागले असून, त्यात मला अद्याप पंच नेमलेले नाही.