बेने इस्राएलवरचं प्रोजेक्ट आणि ते रिमोट ॲक्सेसचं लॉगिन : माझा अनुभव

एमए इतिहासच्या शेवटच्या सेमला मी प्रोजेक्टला विषय घेतला बेने इस्राएल आणि शब्बाथ. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, आणि बेने इस्राएल म्हणजे आपल्या रायगडातले ज्यू, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. विषय मॅडमना आवडला, पण त्यांनी एकच अट घातली, विकिपीडिया आणि यूट्यूब संदर्भात दिसता कामा नये. बरोबरच आहे. फक्त मग काय बघायचं हे कोणीच नीट सांगत नाही, आणि "लायब्ररीत जा, सगळं ऑनलाइन आहे" एवढ्यावर आमची बोळवण झाली.

तर लायब्ररी. जर्नल्स घरून वाचायला रिमोट ॲक्सेस लागतो, त्याचा फॉर्म असतो. फॉर्म प्रिंट काढायचा, त्यावर विभागप्रमुखांची सही, विभागाचा शिक्का, मग तो स्कॅन करून परत ऑनलाइनच अपलोड करायचा, आणि पीडीएफ २०० केबीच्या आत हवी. शिक्का स्पष्ट आला तर फाइल मोठी, फाइल लहान केली तर शिक्का पुसट आणि फॉर्म रिजेक्ट! शेवटी मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये स्कॅन केल्यावर बसली एकदाची (हे आधीच लिहून ठेवा कुठेतरी, कलर स्कॅन करूच नका). बरं अप्रूव्ह झालं तर ओटीपी येतो तो संस्थेच्या ईमेलवर, आणि संस्थेचा ईमेल फक्त पीएचडीवाल्यांना देतात. मग एमएवाल्यांनी फॉर्म भरायचाच कशाला? हे मी काउंटरवर विचारलं तर म्हणे आयटीला विचारा, आयटी म्हणे लायब्ररीने यादी पाठवली की आम्ही ईमेल काढतो, लायब्ररी म्हणे यादी विभागाकडून येते, आणि विभागातले क्लार्क रजेवर. इकडे सिनॉप्सिसची तारीख जवळ येत चाललेली. माझ्यासोबतची एक मुलगी रोज पनवेलहून येते, तिला ह्या एका यादीसाठी किती फेऱ्या पडल्या तिलाच माहीत. ह्यात विद्यार्थ्याचा जो वेळ जातो त्याची कोणालाच काही पडलेली नसते ह्याचा मला आजही राग येतो.

ईमेल आला तर लॉगिन होईना, युजर नॉट फाउंड. ते कोडं सोडवलं लायब्ररीतल्या काकांनी, पुस्तकं लावतात ते. म्हणाले, "ताई, हॉलतिकिटावर आहे तसं आडनाव आधी टाकून बघ." झालं! काकांचे उपकार मी विसरणार नाही.

आणि एवढं करून ज्या पेपरसाठी जीव टाकला होता तो जेस्टोरवर (संशोधन लेखांची साइट) होता, आणि जेस्टोरवर कोणीही साध्या जीमेलने फुकट खातं काढून महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचू शकतो. डाउनलोड होत नाही, पण वाचता येतं, टिपणं काढता येतात. हे त्या काउंटरवर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून चिकटवायला काय हरकत होती? त्यामुळे माझं आता सगळ्यांना सांगणं हेच, फॉर्म भरा पण त्याची वाट बघत बसू नका, बाहेर उघडं असलेलं आधी वाचून घ्या.

मला खरा आनंद दिला तो सेफारियाने. ज्यू ग्रंथांची फुकट साइट, हिब्रू आणि इंग्रजी शेजारी शेजारी, ओळीवर क्लिक केलं की त्या ओळीवरची भाष्यं बाजूला उघडतात. शब्बाथची आज्ञा दोन ठिकाणी आहे, निर्गमच्या २०व्या अध्यायात कारण दिलंय देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली म्हणून, आणि अनुवादच्या ५व्या अध्यायात कारण आहे तुम्ही मिसरात गुलाम होता ते आठवा म्हणून. पुढे मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, शब्बाथवरच्या भागात त्या दिवशी वर्ज्य अशी ३९ कामं मोजून दिलीत आणि त्याच भागाच्या २२व्या प्रकरणात तर सुरुवातीलाच आहे की फळं पिळून रस काढायचा नाही. मी ते वाचलं आणि घाणाच डोळ्यासमोर आला! पण गंमत पुढे आहे, बेने इस्राएलांकडे तालमूदची (मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा) परंपरा पोचलेलीच नव्हती असं अभ्यासक सांगतात, तरी शनिवार पाळणं टिकलं. माझ्या प्रोजेक्टचा सगळा जीव ह्या एका प्रश्नात आहे आणि तो कुठल्याही गाइडबुकात मिळाला नसता.

गॅझेटियर विसरले सांगायला. जुन्या मुंबई इलाख्याचं कुलाबा-जंजिऱ्याचं (कुलाबा म्हणजे आजचं रायगड) गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, १८८३चं, इंटरनेट आर्काइव्हवर अशा जुन्या पुस्तकांचे स्कॅन असतात आणि पुस्तकाच्या आत शब्द शोधता येतो. फक्त स्पेलिंग बदलून बदलून शोधा, बेने, बेनी, बनी, शनवार तेली, सगळं टाकून बघा.

साइट भरवशाची आहे का हे बघताना मी आता तीनच गोष्टी बघते, कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं. ज्यूइश एन्सायक्लोपीडिया ऑनलाइन फुकट आहे आणि छान आहे, पण तो १९०१ ते १९०६ मधला. म्हणजे १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली, त्यावर आंदोलन झालं आणि १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू मानलं गेलं, ह्यातलं काहीच त्यात नसणार. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला २०१६ला, ते तर लांबच. तसंच छबादची साइट, ती हसिदी ह्या ज्यूंमधल्या एका धार्मिक चळवळीची आहे, आज श्रद्धावान माणूस शब्बाथ कसा पाळतो हे बघायला उत्तम, पण इतिहासाचा पुरावा म्हणून ती एकटी देऊ नका. सेक्रेड टेक्स्ट्सवर सगळ्याच धर्मांचे ग्रंथ आहेत पण बहुतेक भाषांतरं शंभरेक वर्षं जुनी, कॉपीराइट संपलेली, हे धरून चाला. बौद्ध धर्म घेतला असेल तर सुत्तसेंट्रल बघा, तिथे नवी भाषांतरं फुकट आहेत. पारशी धर्म असेल तर एन्सायक्लोपीडिया इरानिका, लेखाखाली लेखकाचं नाव आणि संदर्भ दोन्ही असतात.

मराठीत सुरुवात करायला विश्वकोश, नोंदी छोट्या पण जबाबदारीने लिहिलेल्या. आणि शोधगंगावर पीएचडीचे प्रबंध आहेत, दर्जा कमीजास्त असतो, म्हणून मी आधी संदर्भसूचीची पीडीएफ उघडायचे, ती प्रकरणांपासून वेगळी असते. सूची भक्कम असेल तरच पुढचं वाचायचं.

अजून एक, पेपर कुठेच मिळाला नाही तर गुगल स्कॉलरवर त्याच्याखाली "ऑल व्हर्जन्स" दाबा, बऱ्याचदा लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेला असतो. तिथेही नसेल तर लेखकाला सरळ मेल टाका, दोन ओळींत विषय सांगून. मी परदेशातल्या एका प्राध्यापकांना टाकला होता, त्यांनी पीडीएफ तर पाठवलीच, वर अजून काय वाचू तेही लिहिलं, आणि हे सगळं माझा संस्थेचा ईमेल सुरू व्हायच्या आत.