बाओझी लॉग: घाणा ११, पारी एकदाची गुळगुळीत आली

मंडळी, इकडे शांघायला मेइयू सुरू झालाय, म्हणजे प्लम पिकायच्या दिवसांत येणारा तो चिकट पाऊस, आणि त्यानं माझी जानेवारीपासून बसवलेली सगळी गणितं मोडली होती. पण काल ११ वा घाणा काढला आणि १२ पैकी १० बाओझी (सारण भरून वाफवलेले पाव) पांढरीशुभ्र, टम्म, एकही सुरकुती नाही! इतका आनंद झालाय ना, सगळं सविस्तर लिहितेय.

नवीन लोकांसाठी: मी करतेय ती इथली साधी, ताज्या पोर्कच्या खिम्याची मोठी बाओझी. ग्वांगडाँग-हाँगकाँगकडची 'चार-सिऊ' बाओ वेगळी, तिच्यात भाजलेलं गोडसर पोर्क असतं, पिठात यीस्टसोबत बेकिंग पावडरही असते म्हणून ती वरून फुलासारखी उमलते. तिआनजिनची गोउबुली (तिथल्या प्रसिद्ध जुन्या दुकानाची बाओझी) १८५८ पासूनची आणि तिच्या १८ कळ्या प्रसिद्ध. आणि रस्सा भरलेली पातळ पारीची ती शिआओलोंग, नानशिआंगची. अजून एक गंमत म्हणजे बाकी चीनमध्ये मांतोऊ म्हटलं की बिनसारणाचा पाव, पण जुनी शांघायची माणसं सारण भरलेल्यालाही मांतोऊच म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला मी नाश्त्याच्या दुकानात पार गोंधळून जायचे.

सारण आता बसलंय, ते पटकन सांगते. ४०० ग्रॅम पुढच्या पायाचं पोर्क, चरबी साधारण ३० टक्के, त्याहून कमी नकोच, कोरडं होतं. आलं आणि पातीचा कांदा चेचून १०० मिली थंड पाण्यात भिजवायचा, गाळायचं, आणि खिम्यात आधी मीठ, साखर (१५ ग्रॅम, इथे गोडसर लागतं), लाइट सोया सॉस, रंगापुरता डार्क सोया सॉस, चमचाभर शाओशिंग वाइन (तांदळाची) घालून मग हे पाणी तीन-चार वेळा थोडं थोडं घालत एकाच दिशेनं फिरवत राहायचं. मिठामुळे मांसातली प्रोटीन्स सुटतात, खिमा चिकट होतो आणि पाणी धरून ठेवतो, तेच पाणी आणि वितळलेली चरबी नंतर आत रस होऊन येते. चिरलेली पात मात्र अगदी शेवटी, तिळाच्या तेलात घोळवून. मग तासभर फ्रीज. गार सारण घट्ट असतं, कळ्या घालताना ओघळत नाही.

आता मुख्य दुखणं, पीठ.

५०० ग्रॅम साधा मैदा (१०-११ टक्के प्रोटीनवाला), २५५ मिली पाणी, २० ग्रॅम साखर, १० ग्रॅम लार्ड (डुकराची चरबी) आणि इन्स्टंट यीस्ट. मी एकदाच फुगवायची पद्धत धरलीये, म्हणजे मळलं की लगेच पाऱ्या लाटायच्या, भरायच्या आणि भरलेली बाओझी फुगू द्यायची. जानेवारीत आमच्या घरात १२ डिग्री असायचं (छिनलिंग डोंगर-हुआय नदीच्या रेषेच्या दक्षिणेकडे घरांना सरकारी हीटिंग नसतं, उत्तरेकडे असतं), तेव्हा कोमट पाण्यावर स्टीमर ठेवून ७० मिनिटं लागायची आणि छान व्हायचं. मी वहीत लिहून ठेवलं, ७० मिनिटं, आणि तेच धरून बसले.

जूनमध्ये घाणा ८: वाफेत असताना काचेच्या झाकणातून सुंदर दिसत होती, झाकण उघडलं आणि डोळ्यांदेखत बसली. पारी पिवळट, मधे मधे पारदर्शक डाग, चघळावी लागत होती. खूप वाईट वाटलं, कारण सारण त्या दिवशी अप्रतिम झालं होतं.

मला वाटलं झाकण लवकर उघडलं. घाणा ९ ला गॅस बंद करून ५ मिनिटं थांबले, झाकण तिरकं करून हळू उघडलं, तरी तेच. मग वाटलं पाणी ठिबकतंय. बांबूचं झाकण वाफ पितं पण माझं झाकण काचेचं, त्यामुळे घाणा १० ला आपण ढोकळ्याच्या झाकणाला बांधतो तसं फडकं बांधलं आणि शिवाय यावेळी अर्धी बाओझी २० मिनिटांनी वाफवली, अर्धी ४० मिनिटांनी. बाकी सगळं सेम. २० वाली जवळजवळ परफेक्ट, ४० वाली बसली! म्हणजे ठिबकण्यानं फक्त वरचे डाग येत होते, बसण्याचं कारण ओव्हरप्रूफिंग, म्हणजे पीठ गरजेपेक्षा जास्त फुगणं. २९ डिग्रीत यीस्ट सुसाट सुटतं, आतली जाळी ताणून ताणून कमजोर होते, आणि वाफ गेली की तिला स्वतःचं वजन पेलवत नाही.

तर घाणा ११ ला दोन बदल. यीस्ट ५ वरून ३ ग्रॅम, पाणी फ्रीजचं. आणि घड्याळाऐवजी ग्लास: सगळ्या लाट्या झाल्यावर ३० ग्रॅम पीठ एका उभट छोट्या ग्लासात दाबून बसवायचं, वर मार्करनं खूण, दीडपट उंचीवर दुसरी खूण, आणि तो ग्लास बाओझींच्या शेजारीच ठेवायचा. पीठ दुसऱ्या खुणेला टेकलं की गॅस पेटवायचा. काल २६ मिनिटं लागली. खालच्या मजल्यावरच्या आयी (इथे मोठ्या बायकांना आयी म्हणतात, अर्थ मावशी, पण मला दर वेळी आईच ऐकू येतं) ग्लास वगैरे काही वापरत नाहीत, त्या बाओझी तळहातावर उचलून बघतात, आकार वाढलेला असतो आणि वजन तेवढंच, म्हणून हाताला एकदम हलकी लागली की झाली. मी आता दोन्ही करते, हाताची सवय व्हायला हवी. घाईनं कमी फुगवलं तर पारी दडदडीत होते, न आंबलेल्या पिठाला इथे चक्क 'मेलेलं पीठ' म्हणतात.

राहिलेल्या दोन बाओझींवर बारीक फोड आले, ते पीठ नीट लाटून हवा न काढल्यामुळे. मळल्यावर पट्टी लाटून घडी, परत लाटून घडी, असं दहा वेळा तरी करायला हवं, मी सहावर थांबले होते.

कळ्यांबद्दल खूप जणींनी विचारलंय की मोदक येत असतील तर सोपं जाईल का. हो आणि नाही. उकडीला ताण नसतो म्हणून आपण वाटी करून कळ्या आधी चिमटतो आणि मग मिटवतो. इथे ६० ग्रॅमची पारी मधे जाड, कडेला पातळ लाटायची, ४० ग्रॅम सारण ठेवायचं, डावा अंगठा सारण आत दाबून ठेवतो आणि उजव्या हाताची बोटं कड दुमडत दुमडत गोल फिरतात, कळी आणि मिटणं एकाच वेळी. आणि मोदक फुगत नाही, हे फुगतं, म्हणून उथळ कळ्या वाफेत गायब होतात. खोल घ्या. माझ्या १८ ची अजून वाट बघतेय, काल १४ आल्या.

वाफ आल्यावर १४ मिनिटं, मग ३ मिनिटं बंद.

पुढचा घाणा आदल्या दिवशीचं आंबलेलं पीठ घालून करणार आहे, त्यात आंबटपणा मारायला खायचा क्षार घालावा लागतो आणि जास्त झाला तर पीठ पिवळं पडतं, त्यामुळे आधी छोटा गोळा वाफवून बघेन. कुणी केलं असेल तर प्रमाण सांगा.

चार बाओझी आयींना खाली नेऊन दिली. त्यांनी आधी नुसती पारी तोडून खाल्ली, मान डोलावली, मग सारण, आणि म्हणाल्या अजून अर्धा चमचा साखर.