अप्पांची चुन्याची डबी

आमच्याकडे लॉकडाऊनमध्ये एकाची तंबाखू सुटली आणि दुसऱ्याची सिगरेट वाढली, तेही एकाच घरात.

सासरे, म्हणजे आमचे अप्पा, इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिलमध्ये कापूस, त्यामुळे आत विडी-काडी चालायची नाही, म्हणून लोक तंबाखू मळायचे, तशी यांनाही लागली. मिल १९९१ मध्ये बंद पडली पण तंबाखू सुरूच. मग २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन लागला, इंदूर लगेच हॉटस्पॉट झालं, किराणासुद्धा घरपोच मागवावा लागत होता तिथे गुमटी, म्हणजे पानटपरी, कुठली उघडी असणार. त्यात १५ एप्रिलच्या केंद्राच्या आदेशात दारू, गुटखा, तंबाखूची विक्री बंद आणि थुंकायलाही बंदी. लपूनछपून मिळत होती म्हणा, दहाची पुडी पन्नासला, पण अप्पा म्हणाले एवढे पैसे मी देणार नाही.

पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले. निकोटिन बंद झालं की तेच दिवस सगळ्यात कठीण असतात हे मला नंतर कळलं, तेव्हा वाटायचं यांना नक्की होतंय तरी काय. झोप नाही, पोट साफ होत नाही, साध्या चहावरून चिडचिड. एकदा रात्री पाणी प्यायला उठले तर अप्पा अंधारात पलंगावर बसलेले आणि डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरवत होते. तळवा रिकामाच होता. मला इतकं भरून आलं ना, काय बोलावं तेच सुचेना. सकाळी मी त्यांची पितळी डबी घेतली, वाळलेला चुना खरवडून काढला, चिंचेनं घासली आणि भाजलेला ओवा आणि बडीशेप भरून दिली. "अप्पा, मळा आता हे." त्यांनी खरंच मळलं!

नवऱ्याचं उलटं झालं. आधी तो फक्त ऑफिसखालच्या टपरीवर ओढायचा, चार-पाच, घरी कधीच नाही. वर्क फ्रॉम होम आलं, पगार कापला, बातम्या तशा, आणि साठवलेली पाकिटं घरातच, म्हणून दर कॉलनंतर गच्चीवर. पाकिटं संपत आली तेव्हा अर्धी विझवून उरलेली परत पेटवायचा. वर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं दाखवायचा की सिगरेटवाल्यांना कोरोना होत नाही, आणि मे महिन्यात डब्ल्यूएचओनं उलट सांगितलं की ओढणाऱ्यांचा आजार जास्त गंभीर होऊ शकतो, ते दाखवलं तर गप्प. आम्ही खूप भांडलो त्यावरून. आता वाटतं मी भांडण्याऐवजी त्याच्यासोबत गच्चीवर जाऊन बसायला हवं होतं, अप्पांची काळजी घेतली तशी त्याची घेतली नाही मी.

माझंही काही बरं चाललं नव्हतं, सकाळचं फिरणं बंद, पोहे-जिलबी घरीच आणि सहा किलो वाढले.

जूनमध्ये गुमट्या उघडल्या. मला धाकधूक होती, पण अप्पा भाजी घेऊन तसेच परत आले. नवरा मात्र दहावर पोचला होता. शेवटी त्यानं क्विटलाइनला, म्हणजे तंबाखू-सिगरेट सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, १८००-११-२३५६, फुकट आहे, तिथे समुपदेशक नीट बोलतात, कुणाला हवा असेल तर घ्या हा नंबर. मध्ये दोनदा परत सुरू झाली, परत फोन केला. सध्या बंद आहे. रात्री जेवण झालं की अप्पा डबी उघडतात, आधी त्याच्या हातावर ओवा ठेवतात आणि मग स्वतः घेतात.